नागपूरच्या ऑफ-रोडवाल्यांसाठी हॅम रेडिओ: सुरुवात कुठून करायची

ऑगस्टमधला रविवार होता. कुहीच्या पलीकडच्या एका पांदण रस्त्यावर आमच्या पाच गाड्या चालल्या होत्या. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता आणि काळी माती टायरला अशी चिकटत होती, की चाकाची नक्षी दिसेनाशी झाली होती. नाल्याच्या उतारावर शेवटची गाडी घसरली आणि आडवी होऊन बसली. पुढच्या चौघांना हे पाऊण तास कळलंच नाही. फोनला रेंज नव्हती. शेवटी त्या गाडीतले दोघे चिखल तुडवत तीन किलोमीटर चालत आले, तेव्हा आम्ही मागे वळलो. कोणाला लागलं नव्हतं, ते नशीब. आमच्याकडे विंच (दोराने गाडी ओढणारं यंत्र) होती, शॅकल होते, पट्टे होते, दोन हायलिफ्ट जॅक होते. "थांबा" हा एक शब्द मागून पुढे पोचवायची सोय मात्र पाचांपैकी एकाही गाडीत नव्हती.

त्यानंतर मी हॅम रेडिओ (म्हणजे हौशी लोकांचा वायरलेस) शिकायला घेतला. नवीन मुलं गाडी घेतात आणि लगेच विचारतात, "दादा, कोणता सेट घेऊ?" हा लेख त्यांच्यासाठी आहे. सेटचा नंबर बराच पुढे लागतो, म्हणून क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: कोणता रेडिओ कायद्याने कोणाला चालतो

बाजारात सगळ्यालाच "वॉकी-टॉकी" म्हणतात. प्रकार मात्र वेगळे आहेत आणि कायदाही वेगळा.

परवान्याशिवाय चालणारा सोपा प्रकार म्हणजे ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरचे छोटे पीएमआर हँडसेट. त्यांची शक्ती अगदी कमी असते. मोकळ्या रानात दोन गाड्या एकमेकींना दिसत असतील तोवर ते छान चालतात, मधे टेकाड आलं की गप्प होतात. दुसरा प्रकार सिटिझन बँडचा, २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, पाच वॉटपर्यंत. परदेशातल्या ट्रकवाल्यांमुळे त्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण इथे सवलत कमी शक्तीच्या आणि सेटमध्येच बसवलेल्या अँटेनाच्या उपकरणांना आहे. छतावर लांब काठी लावून तो चालवायचा विचार करू नका.

हॅम रेडिओ म्हणजे परीक्षा देऊन, परवाना आणि स्वतःचं कॉल साइन (हवेतली ओळख) घेऊन चालवायचा रेडिओ. ताफ्यासाठी आपल्या कामाचा पट्टा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा. हॅम त्याला 'दोन मीटर' म्हणतात, कारण लहरीची लांबी साधारण तेवढी भरते. याशिवाय ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झचा पट्टा आहे आणि दूरच्या संपर्कासाठी एचएफचे, म्हणजे याहून कमी फ्रिक्वेन्सीचे आणि लांब लहरींचे, पट्टे आहेत.

ऑनलाइन दीड-दोन हजारांत मिळणारे दोन पट्ट्यांचे चिनी हँडसेट बहुतेकांनी पाहिलेले असतात. परवाना नसताना ते चालवणं बेकायदेशीर आहे, जवळ बाळगणंही अडचणीचं. हे सेट कुठल्याही फ्रिक्वेन्सीवर लावता येतात, म्हणजे चुकून पोलिसांच्या किंवा वन विभागाच्या चॅनेलवर बोट पडू शकतं. २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या वॉकी-टॉकींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, ती याच गोंधळामुळे. विकणाऱ्याने फ्रिक्वेन्सी कोणती, परवाना लागतो का आणि उपकरणाला मान्यता आहे का, हे स्पष्ट लिहायला हवं. यातलं काही लिहिलेलं नसेल तर तो सेट घेऊ नका.

दुसरी पायरी: ताफ्यात कोणाकडे काय

नवीन गट बहुतेक इथेच चुकतो. एकाने परवाना काढला की बाकीचे म्हणतात, "झालं, आता आपल्याकडे हॅम आहे." पण हॅम सेटवर दुसरा परवानाधारकच बोलू शकतो. दहा गाड्यांत एकच परवानाधारक असेल तर तो कोणाशी बोलणार? मित्राच्या हातात सेट देऊन "तू बोल" म्हणणं नियमात बसत नाही.

माझा हिशेब तीन माणसांचा आहे. एक परवानाधारक सगळ्यात पुढच्या गाडीत, एक सगळ्यात शेवटच्या गाडीत (आम्ही तिला शेपूट गाडी म्हणतो) आणि तिसरा नागपुरात घरी, छतावर अँटेना लावून बसलेला. मधल्या सगळ्या गाड्यांत पीएमआरचे परवानामुक्त हँडसेट असले तरी पुरतं. पुढच्या आणि शेवटच्या गाडीतही असा एकेक हँडसेट वेगळा ठेवायचा. मधली गाडी अडकली की ती जवळच्या गाडीला सांगते, ती पुढे सांगते, आणि टोकाचे दोघे लांबचं काम पाहतात. घरी बसलेला माणूस सगळ्यात महत्त्वाचा, हे माझं ठाम मत आहे. ताफ्यातल्या सगळ्यांच्या फोनची रेंज एकदमच जाते. त्याच्याकडे रेंज असते, आणि तो १०८ किंवा ११२ लावू शकतो.

तेव्हा गटातल्या तिघांनी मिळून परीक्षेची तयारी करा. एकट्याने केली तर कंटाळा येतो, हे अनुभवाने सांगतो.

तिसरी पायरी: परवाना

भारतात हौशी रेडिओचे नियम १९७८चे आहेत, त्यांत पुढे बदल होत गेले. परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागाचा डब्ल्यूपीसी हा कक्ष देतो. आता अर्ज 'सरल संचार' या पोर्टलवर करायचा असतो. वयाची अट बारा वर्षं पूर्ण एवढीच आहे. घरातला सातवी-आठवीतला मुलगा किंवा मुलगी शेजारच्या सीटवर बसत असेल तर त्यांनाही सोबत घ्या. ती आपल्यापेक्षा लवकर शिकतात.

श्रेणी दोन आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. रिस्ट्रिक्टेडला मोर्स (टिंब-रेघांचे संकेत) लागत नाही. जनरलसाठी मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स घेता आणि पाठवता यावं लागतं. कॉल साइन रिस्ट्रिक्टेडला व्हीयू३ने आणि जनरलला व्हीयू२ने सुरू होतं. माजी पंतप्रधान राजीव गांधी हॅम होते, त्यांचं कॉल साइन व्हीयू२आरजी होतं. ताफ्याच्या कामाला रिस्ट्रिक्टेड पुरेसा आहे. तो आधी काढा, मोर्स सवडीने शिका.

परीक्षेचे भाग दोन. एक रेडिओचं तंत्र: ओमचा नियम, कपॅसिटर-कॉइल, ट्यून्ड सर्किट, मॉड्युलेशन, अँटेना, लहरी कशा पसरतात. बारावी विज्ञान झालेल्याला यात नवीन फारसं नाही. वाणिज्य किंवा कला शाखेच्या माणसाने महिनाभर रोज तासभर द्यावा, जमतं. दुसरा भाग नियमांचा: कोणते पट्टे, किती शक्ती, लॉगबुक, आणि क्यूटीएच म्हणजे ठिकाण, क्यूएसएल म्हणजे मिळाल्याची पोच, क्यूआरएम म्हणजे दुसऱ्या स्टेशनचा अडथळा, असे संकेत. हा भाग लोक हलका समजतात. जुने प्रश्न सोडवूनच जा.

गाडीवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. परवान्यावर स्टेशनचा पत्ता असतो. गाडीतून, म्हणजे मोबाइल, चालवण्याची तरतूद नियमांत वेगळी लिहिलेली आहे. अर्ज भरतानाच ती वाचा आणि लागेल ती परवानगी मागून घ्या. गाडीतून बोलताना कॉल साइनच्या मागे 'स्ट्रोक मोबाइल' लावतात.

परवाना हातात यायला वेळ लागतो. तो वेळ पुढच्या पायरीला द्या.

चौथी पायरी: ऐका

परवाना येईपर्यंत सेट घ्यायचा नाही, मग ऐकायचं कसं? इंटरनेटवर वेबएसडीआर नावाचे रिसीव्हर आहेत. कुठल्यातरी हॅमने आपला रिसीव्हर जगासाठी उघडा ठेवलेला असतो आणि आपण लॅपटॉपवर त्याची तबकडी फिरवायची. सकाळी सात मेगाहर्ट्झच्या आसपास, ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ या पट्ट्यात, भारतभरचे हॅम एकमेकांना भेटतात. पंधरा दिवस रोज वीस मिनिटं ऐका. कोण कधी बोलतं, आधी कोणाचं नाव घेतात, एकाचं बोलणं संपल्यावर दुसरा किती थांबतो, हे कानाला कळायला लागतं. पुस्तकात हे सापडत नाही. नागपुरातल्या एखाद्या जुन्या हॅमच्या घरी जाऊन त्यांचं स्टेशन बघता आलं तर फारच उत्तम. चहा मिळतोच, आणि अँटेनाबद्दल एक प्रश्न विचारला तर संध्याकाळ कशी गेली ते कळत नाही.

पाचवी पायरी: सेट

परवाना आला की दोन गोष्टी. एक पाच वॉटचा हँडसेट, गाडीतून उतरून चालत पुढची वाट बघायला. आणि जमेल तेव्हा गाडीत कायमचा बसवायचा मोबाइल सेट, आपल्या परवान्यात बसेल एवढ्या वॉटचा. विक्रेता परवाना मागतो, तो द्या. न मागणाऱ्याकडून घेऊ नका.

वॉटच्या आकड्यामागे लागू नका. पाच वॉटवरून पन्नासवर गेलात तर समोरच्याच्या सिग्नल मीटरवर जेमतेम दीड-दोन घरांचा फरक पडतो. अँटेना बंद गाडीच्या आतून छतावर नेली तर याहून मोठा फरक पडतो, आणि त्याला खर्चही कमी.

आपल्याकडची एक गोष्ट लक्षात ठेवा. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंशांवर जातो. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तेव्हा हात ठेवता येत नाही. हँडसेटची लिथियम बॅटरी तिथे विसरलात तर ती फुगते. सीटखाली, कापडात गुंडाळून ठेवा.

सहावी पायरी: अँटेना

इथे थोडा वेळ थांबतो, कारण दहातल्या आठ तक्रारी इथेच निघतात.

दोन मीटरच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्या किती लांब पोचतील याचा सोपा हिशेब आहे: दोन्ही अँटेनांची मीटरमधली उंची घ्या, प्रत्येकीचं वर्गमूळ काढा, बेरीज करा आणि ४.१२ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. दोन जीप, दोन्हींच्या अँटेना जमिनीपासून दोन मीटरवर. दोनचं वर्गमूळ १.४१, दुप्पट २.८२, गुणिले ४.१२, म्हणजे साडेअकरा किलोमीटर. हा झाला कागद. वाटेत झाडं, टेकाडं, घरं असली की यातलं निम्मंही हाती लागत नाही.

आता एका जीपची अँटेना आजूबाजूच्या सपाटीपेक्षा शंभर मीटर उंचावर नेऊन ठेवा. रामटेकची टेकडी डोळ्यासमोर आणा. शंभरचं वर्गमूळ दहा, अधिक १.४१, गुणिले ४.१२, म्हणजे ४७ किलोमीटर. रामटेक ते नागपूर साधारण एवढंच अंतर आहे. वॉट तेवढेच, सेट तोच, फक्त उंची वाढली. म्हणून वाट आखताना उंच जागा आधीच नकाशावर टिपून ठेवा. अडचण आली तर निरोप कुठून द्यायचा ते ठरलेलं असतं.

अँटेनाची लांबीही हिशेबाची असते. ३०० भागिले १४५, म्हणजे लहर २.०७ मीटरची. तिचा चौथा भाग ५१-५२ सेंटिमीटर. प्रत्यक्षात तार थोडी कमी, सुमारे ४९ सेंटिमीटर लागते. या पाव-लहरीच्या काठीला खाली धातूचा पत्रा लागतो. पोलादी छताच्या गाडीवर मधोमध चुंबकाची बैठक ठेवली की काम झालं. कापडी छताच्या जिप्सीवर किंवा फायबरचं टप असलेल्या गाडीवर चुंबक चिकटतच नाही, आणि जबरदस्तीने काठी उभी केली तरी खाली पत्रा नसल्यामुळे ती नीट चालत नाही. खरेदीआधी घरातलं फ्रिजचं चुंबक घेऊन गाडीभोवती एक फेरी मारा. चिकटत नसेल तर पत्रा न लागणारी अर्ध्या लहरीची अँटेना घ्या आणि ती रूफ कॅरिअरला किंवा बॉनेटच्या बिजागरीला ब्रॅकेट लावून बसवा. बंपरवर लावलेली अँटेना रुबाबदार दिसते, पण अर्धी गाडीच्या आड जाते आणि पहिल्याच नाल्यात वाकते.

बसवल्यावर एसडब्ल्यूआर मोजा, म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती सेटकडे परत येते त्याचा आकडा. दीडच्या आत असेल तर छान, दोनपर्यंत चालेल, तीनच्या वर गेला तर सेटचं बटण दाबू नका, कारण परत येणारी शक्ती सेट तापवते. मीटर नसेल तर गटात एक नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) सामाईक घ्या. केबल दारातून आत घेताना दार तिला चिरडणार नाही हे बघा. माझी पहिली केबल तशीच मेली. आवाज कमी का येतो हे शोधण्यात दोन रविवार गेले, आणि दोष निघाला मागच्या दाराच्या रबराखाली.

एक धोका मात्र कायम लक्षात असू द्या. शेतांवरून जाणाऱ्या विजेच्या तारा कधी कधी लोंबलेल्या असतात. गाडी बांधावर चढली की उंच अँटेना तारेला लागू शकते. पांदणीत शिरताना लांब काठी उतरवून छोटी लावा. आणि वळवाच्या पावसाआधी कडाडायला लागलं की अँटेनाची केबल सेटपासून काढून ठेवा.

सातवी पायरी: वीज

पन्नास वॉटचा सेट बोलताना दहा-बारा अँपिअर ओढतो. सिगरेट लायटरच्या सॉकेटवर तो लावू नका. फ्यूज जाईल किंवा वायर तापेल. बॅटरीपासून थेट जाड वायर घ्या आणि बॅटरीजवळच, हातभराच्या आत, सेटच्या कंपनीने सांगितला असेल तेवढ्या अँपिअरचा फ्यूज टाका. फ्यूज सेटजवळ टाकला तर मधली वायर कुठे घासून गाडीच्या बॉडीला टेकली की आग लागते. ऑफ-रोडला वायर घासतेच. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी आवाजात येत असेल तर ती अल्टरनेटरची असते, वायरवर फेराइटचे मणी लावून बघा. विंच चालू असताना बॅटरी इतकी खाली येते की काही सेट बंद होतात. तेव्हा हँडसेट वापरा.

आठवी पायरी: बोलायचं कसं

चालवणाऱ्याने माइकला हात लावायचा नाही. शेजारच्याने बोलायचं, आणि परवाना त्याच्याकडे हवा. तिघे निवडताना हे ध्यानात घ्या: परवाना बाजूच्या सीटवर बसणाऱ्याने काढायचा.

आपले हे सेट एफएमवर बोलतात, आणि एफएमचा एक स्वभाव आहे. दोघे एकाच वेळी बोलले तर जोरदार सिग्नल ऐकू येतो आणि कमजोर पूर्ण पुसला जातो. खरखरही होत नाही, दुसरं कोणी बोलत होतं याचा पत्ताही लागत नाही. ताफ्यात जोरदार सिग्नल जवळच्याचा असतो. कमजोर असतो तो लांब मागे राहिलेल्याचा, बहुतेक वेळा अडकलेल्याचा. म्हणून प्रत्येकाच्या बोलण्यानंतर दोन सेकंद रिकामे सोडा. त्या दोन सेकंदांत मागचा माणूस शिरू शकतो. आमच्या गटात नवीन माणसाला मी हीच गोष्ट सगळ्यात आधी शिकवतो. बटण दाबल्यावरही अर्धा सेकंद थांबून मग बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो, आणि "नको या" मधला पहिला शब्द कापला गेला तर काय उरतं ते बघा.

कॉल साइन सुरुवातीला, शेवटी आणि लांब बोलणं असेल तर मधेही सांगायचं. कॉल साइनची अक्षरं अल्फा, ब्राव्हो, चार्ली अशी फोडायची. बाकी मराठीत बोला, आपल्या भाषेत निरोप चुकत नाही. म्हणजे असं:

"व्हीयू३ अमुक, व्हीयू३ तमुक स्ट्रोक मोबाइल बोलतोय. आवाज येऊन रायला का? ओव्हर."

"तमुक, अमुक. पाच-नऊ येतोय. बोल भाऊ. ओव्हर."

पाच-नऊ म्हणजे शब्द पूर्ण स्पष्ट आणि सिग्नल जोरदार. निघताना 'त्र्याहत्तर' म्हणतात, म्हणजे शुभेच्छा. हा जुन्या तारेच्या काळातला संकेत आहे.

गाडी ओढताना वापरायचे शब्द आधी ठरवा. आम्ही सुरुवातीला "ओढ" आणि "सोड" वापरायचो. चिखलात, इंजिनाच्या आवाजात, छोट्या स्पीकरवर हे दोन शब्द सारखेच ऐकू येतात. एकदा "सोड" म्हटलं आणि विंचवाल्याने ओढलं. शॅकल बसलेला होता, माणूस दोरापासून लांब होता, म्हणून वाचलो. तेव्हापासून आमचे शब्द असे आहेत: "खेच", "ढील" आणि "थांब थांब थांब". थांब तीनदाच म्हणायचं, आणि ते कोणीही म्हणू शकतं, अगदी बाजूला उभा असलेला नवखासुद्धा. ते ऐकलं की का, कशाला, न विचारता हात काढायचा. डावं-उजवं नेहमी ड्रायव्हरच्या अंगाने. अंक एकेक करून सांगायचे: 'एकोणऐंशी' न म्हणता 'सात नऊ'.

अडचणीचा निरोप पाच गोष्टींत: कोण बोलतंय, कुठे आहे, काय झालं, कोणाला लागलं का, काय हवं. जागा जीपीएसवरून दशांशात सांगा. चार दशांश स्थळं पुरतात, तेवढ्यात दहा-अकरा मीटरचा अंदाज येतो. ऐकणाऱ्याने आकडे परत वाचून दाखवायचे. नुसतं "समजलं" चालत नाही.

हॅम जागा सांगायला चौकोनांची एक पद्धतही वापरतात. नागपूर, रामटेक, भंडारा हे एमएल९१ या चौकोनात येतात. चिखलदरा एमएल८१मध्ये, आणि गोंदिया ८० रेखांश ओलांडून एनएल०१मध्ये. मदत मागायला हा चौकोन फार मोठा पडतो, पण लांबच्या हॅमशी बोलताना विचारतातच, म्हणून पाठ असू द्या.

नववी पायरी: रानात जाण्याआधी गावात

एक रविवार फक्त चाचणीला द्या. तर्री पोहे खाऊन एकाने अंबाझरीजवळ गाडी लावायची. दुसऱ्याने अमरावती रोडने निघायचं आणि वाडी, गोंडखैरी, बाजारगाव, कोंढाळी असं प्रत्येक ठिकाणी थांबून आवाज द्यायचा. कुठे पाच-नऊ, कुठे तीन-दोन, कुठे काहीच नाही, हे वहीत लिहा. मग तेच कामठीकडे करा. कोणत्या बाजूला आपला आवाज किती जातो हे एकदा स्वतः मोजलं की रानात भ्रम राहत नाही. दोन्ही गाड्यांत तीच फ्रिक्वेन्सी आणि तोच टोन (समोरच्या सेटचा आवाज उघडणारा ठरलेला सूर) भरलेला आहे, हेही तेव्हाच कळतं. टोन चुकला की सेट जिवंत असतो, मीटर हलतो आणि आवाज येत नाही. आम्ही याच कारणाने एकदा मनसरच्या पुढे अर्धा तास उभे होतो.

पर्यायी फ्रिक्वेन्सी आधीच ठरवा आणि डॅशबोर्डवर चिकटवा. मुख्य चॅनेलवर दुसरे हॅम बोलत असतील तर त्यांचं होऊ द्यायचं आणि आपण बाजूला सरायचं.

सातपुड्यात जायचं असेल तर

नागपूरच्या भोवतीची सपाटी दोन मीटरला मानवते. देवलापारच्या पुढे किंवा मेळघाटात ती सवय मोडते. दरीत उतरलेली गाडी अर्ध्या किलोमीटरवरही ऐकू येत नाही. सागाचं रान पावसाळ्यात पानांनी भरलेलं असतं तेव्हा ४३४चा पट्टा जास्त मार खातो, १४५ त्यातून बरा निघतो.

तिथे लांबचा निरोप द्यायचा तर एचएफ. सात मेगाहर्ट्झसाठी सुमारे वीस मीटरची तार, मधोमध केबल जोडून, दोन झाडांमध्ये फक्त तीन-चार मीटर उंचीवर ताणायची. एवढी खाली ताणलेली तार लहरी सरळ वर फेकते. त्या वातावरणातल्या वरच्या थरावरून, म्हणजे आयनोस्फिअरवरून, परतून चहूकडे दोन-तीनशे किलोमीटरवर उतरतात. डोंगर आडवा येत नाही, कारण लहर त्याच्या वरून जाते. दिवसा चिखलदऱ्याहून नागपूरला बोलायला हा मार्ग सगळ्यात भरवशाचा. मुक्कामाच्या ठिकाणी दोघांनी वीस मिनिटांत तार बांधता यावी, एवढा सराव घरच्या गच्चीवर करा.

फोन, वीज, सगळं बंद पडल्यावर हॅम काय करू शकतात याचं आपल्या देशातलं ठळक उदाहरण २६ डिसेंबर २००४चं आहे. त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद (व्हीयू२आरबीआय) आणि त्यांचे सहकारी हौशी संपर्कासाठी पोर्ट ब्लेअरमध्येच होते. त्यांनी आपलं स्टेशन त्याच दिवसापासून मदतीच्या निरोपांना वाहून दिलं. तिथे स्टेशन आधीच उभं होतं आणि चालवणारे सरावातले होते.

जंगल, कायदा आणि शेतकरी

पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला, मेळघाट या संरक्षित क्षेत्रांत ऑफ-रोडिंग करायचं नाही. वाटेवरून जातानाही वन विभागाच्या वायरलेसवर ऐकणं-बोलणं नको. हॅम सेटवर धंद्याचं बोलणं, गाणी वाजवणं, गुप्त सांकेतिक भाषा, काहीच चालत नाही. सहलीचे पैसे घेऊन लोकांना फिरवत असाल तर त्या कामाला हॅम सेट वापरू नका, त्यासाठी वेगळा परवाना असतो.

पांदणीतून जाण्याआधी शेताच्या मालकाला विचारा. अँटेना लावलेल्या चार गाड्या बघून गावात लोक घाबरतात, कधी सर्व्हेवाले समजतात. उतरून, नमस्कार करून, परवान्याची प्रत दाखवून सांगितलं की तेच लोक पुढचा नाला कुठून ओलांडायचा ते दाखवतात. परवान्याची प्रत ग्लोव्ह बॉक्समध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

लॉगबुक रोज भरा: तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, समोरचं कॉल साइन, रिपोर्ट. मी त्यात एक रकाना वाढवला आहे, 'कुठून'. मागच्या तीन पावसाळ्यांतल्या नोंदी चाळल्या की कुहीच्या त्या नाल्यापासून कोणत्या बांधावर चढलं की नागपूर ऐकू येतं, ते नेमकं सापडतं. पुढच्या रविवारी नवीन दोघांना घेऊन तिथेच जाणार आहोत, पाऊस पडून गेलेला असेल तर.